वेबपृष्ठासाठी छायाचित्राची छाटणी, आकारबदल आणि जतन

कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेले चित्र वेबपृष्ठावर लावण्याजोगे करण्याची प्रक्रिया. तिच्यात तीन कामे येतात : नको तो भाग कापणे (क्रॉप), पिक्सेलची, म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या ठिपक्यांची, संख्या कमी करणे (रिसाइझ) आणि योग्य प्रकारात फाइल साठवणे (सेव्ह). खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, हे काम आता फोटो स्टुडिओपुरते राहिलेले नाही. केळीचे व्यापारी, सराफ, गावच्या यात्रेची माहिती लिहिणारे शिक्षक, पोथ्या स्कॅन करणारे अभ्यासक या सगळ्यांना ते करावे लागते. ‘केबी’ (किलोबाइट, फाइलच्या वजनाचे माप) हा शब्द मात्र अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात. बँक भरतीच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, आणि दुकानदार ती दोन मिनिटांत ‘बसवून’ देतो. तिथे फाइलचे वजन मर्यादेत आणले की काम संपते. वेबपृष्ठासाठी मात्र वाचकाला काय दिसले पाहिजे हे आधी ठरवावे लागते आणि वजनाचा विचार त्यानंतर येतो.

मूळ प्रत : पहिली पायरी म्हणजे मूळ फाइलची नक्कल करून फक्त नकलेवर काम करणे. बियाण्यासाठी राखलेली कणसे कोणी दळायला काढत नाही, तशी मूळ फाइल बाजूला ठेवावी. कापलेला भाग आणि कमी केलेले पिक्सेल सेव्ह केल्यानंतर परत मिळत नाहीत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेले चित्र बहुधा आधीच लहान झालेले असते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले तर मूळ फाइल जशीच्या तशी हाती येते. पण अशा फाइलमध्ये एक्झिफ नावाची दडलेली नोंदही येते. तिच्यात तारीख, कॅमेऱ्याचा प्रकार आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. कोणाच्या घरी मांडलेल्या कानबाईचा (खानदेशातली देवी) किंवा शेतातल्या घराचा फोटो लावताना ही नोंद काढून टाकलीच पाहिजे. फोटो उभा होता की आडवा हेही याच नोंदीत असते. म्हणून तो आधी खरोखर फिरवून सरळ करावा, मग नोंद पुसावी. नाहीतर पृष्ठावर माणसे आडवी पडलेली दिसतात.

छाटणी : तीन कामांपैकी खरा विचार लागतो तो इथे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्याचा भास निर्माण करत. चौकटीत काय असावे आणि काय नसावे हे त्यांनी बटण दाबण्याआधीच ठरवलेले असे. शिवारात किंवा यात्रेत तशी सवड मिळत नाही, त्यामुळे तो निर्णय नंतर छाटणीत घ्यावा लागतो.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागेतला एक फोटो घेऊ. फोन आडवा धरलेला, ४००० × ३००० पिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. घड मधोमध आहे, डावीकडे मोटारसायकल उभी आहे, उजवीकडे ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे पडले आहे. घड मुळात उभा, म्हणून चौकटही उभी करावी : ४:५ या प्रमाणात कापले की २४०० × ३००० पिक्सेल उरतात. खालचे केळफूल कापू नये आणि वरचा दांडा खोडाला जोडलेला दिसू द्यावा, म्हणजे घड झाडावरच आहे हे कळते. कापणाऱ्याचा हात नेमका इथेच घसरतो. फण्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तो इतका आत शिरतो की फोटो बागेतला की बाजारातला हे ओळखू येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा फोटो कापताना नियम वेगळे. घोडा पाहणारा कान आणि पाय पाहतो. खूर चौकटीबाहेर गेले की त्याच्या लेखी तो फोटो अपुरा. घोडा ज्या दिशेला तोंड करून उभा असेल तिकडे थोडी जास्त जागा सोडली म्हणजे चित्र कोंडल्यासारखे वाटत नाही. संपूर्ण बाजाराचे लांबलचक दृश्य संगणकावर शोभते, पण फोनवर त्याची बोटभर पट्टी होते. त्यासाठी फोनपुरती दुसरी, एखाद्या घोड्याजवळची छाटणी करून ठेवावी. कोणत्या पडद्यावर कोणती प्रत दाखवायची हे पृष्ठाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पृष्ठ ज्या संकेतभाषेत लिहितात तिच्यात, सांगता येते.

काही चित्रांना मात्र कात्री लावूच नये. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी जुने कागद व हस्तलिखिते जपली आहेत. अशा पानाचा समास रिकामा वाटला तरी रिकामा नसतो. तिथे पत्रांक असतो, विसरलेले अक्षर बाजूला लिहिलेले असते, कागदाची कडही अभ्यासकाला काही सांगत असते. कडेने चारही बाजूंना थोडी पार्श्वभूमी ठेवूनच असे पान लावावे.

आकारबदल : हा निव्वळ हिशेबाचा भाग. वरचा २४०० × ३००० चा घड ९६० × १२०० केला की प्रत्येक बाजू अडीचपट कमी होते आणि ठिपके सव्वासहा पटींनी. फोनचा पडदा हिशेबाला ३६० एकक रुंद असला तरी चांगल्या फोनमध्ये प्रत्येक एककात एका रांगेत तीन ठिपके असतात, म्हणजे प्रत्यक्षात १०८०. म्हणून मजकुराच्या रुंदीच्या चित्राला साधारण १००० ते १२०० पिक्सेल रुंदी भरपूर होते. रुंदी-उंचीचे प्रमाण कुलूपबंद ठेवावे, नाहीतर माणसे चपटी होतात. उलट दिशेचा मोह टाळावा : ३०० पिक्सेलचा जुना फोटो १२०० करता येतो, पण वाढलेले ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

फ्लेक्स आणि छपाईच्या कामातून आलेले लोक ‘३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) आहे का?’ असे विचारतात. पडद्यावर त्या आकड्याला अर्थ नाही. ब्राउझर फक्त पिक्सेल मोजतो. छपाईच्या सीएमवायके रंगांतली फाइल मात्र अडचणीची. ती एसआरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत, आणल्याशिवाय लावली तर रंग बिघडण्याची भीती असते, आणि दागिन्यांच्या फोटोत सोन्याचा रंग बिघडणे जळगावच्या सराफाला परवडत नाही.

जतन : जिफ (१९८७) या फाइल-प्रकारात एका चौकटीत २५६ रंगच मावतात. जेपेग (१९९२) फोटोंसाठी, तर पीएनजी (१९९६) एकही ठिपका न गमावता साठवण्यासाठी आणि पारदर्शक पार्श्वभूमीसाठी आहे. वेबपी (२०१०) दोन्ही कामे कमी वजनात करते.

जेपेगचे काम समजले की बाकीचे आपोआप समजते. ते चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे सोडून देते. उजेड जपते, रंगाचा तपशील अधिक सोडते. भरताच्या वांग्याची गुळगुळीत हिरवी साल याने सुखरूप राहते; वाऱ्याने चिरफाळलेल्या केळीच्या पानांत बारकावे पुष्कळ, म्हणून त्याच दर्जाला ती फाइल जड होते. पांढऱ्यावर लाल अक्षरांत लिहिलेली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पत्रिका जेपेगमध्ये ठेवून मोठी करून पाहावी : शिरोरेषेभोवती धुरकट ठिपके उठलेले असतात आणि बारीक अनुस्वार रेषेतच विरघळतो. असा मजकूर पीएनजीमध्येच ठेवावा, आणि त्याहून चांगले म्हणजे तो चित्रात न ठेवता पृष्ठावर टंकित करावा. मग तो शोधताही येतो.

फोटोसाठी १०० पैकी ७५ ते ८५ हा जेपेग दर्जा बहुधा पुरतो. जेपेग उघडून, किंचित बदलून पुन्हा सेव्ह करत गेले की दर वेळी थोडे आणखी गळते. म्हणून आधी छाटावे, मग लहान करावे आणि शेवटी एकदाच सेव्ह करावे. चूक झाली तर मूळ प्रतीपासून पुन्हा सुरुवात करावी. फाइल अजून जड वाटली तर दर्जा ४० वर आणण्याआधी पिक्सेल कमी करून पाहावेत. लहान पण स्वच्छ चित्र मोठ्या डागाळलेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे दिसते. गिंप आणि इरफानव्ह्यू (हे घरगुती वापरापुरते) या मोफत साधनांत हे सगळे होते, आणि नुसते कापून लहान करायला साधा पेंटही चालतो.

नाव आणि वर्णन : फाइलचे नाव देवनागरीत देता येते, पण दुव्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी रोमन अक्षरे, आकडे आणि % मिळून नऊ खुणा होतात. ‘केळी’ हा दोन अक्षरी शब्द चार चिन्हांचा, म्हणून त्याची लांबी ३६ भरते. तेव्हा फाइलचे नाव रोमन लिपीत छोटे ठेवावे आणि मराठीची सगळी हौस चित्राच्या पर्यायी मजकुरात पुरवावी. डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या वाचकाला फोनमधला आवाज तोच मजकूर वाचून दाखवतो, आणि नेटवर्क तुटले तर चित्राच्या जागी तोच उमटतो. तिथे ‘भरीत’ एवढेच लिहून भागत नाही. ‘कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, साल काढताना, शेजारी हिरव्या मिरच्या आणि कळण्याची भाकरी’ असे लिहिले की चित्र न पाहताही ताट समोर येते.