बरणीतली चिठ्ठी आणि अथेन्सचा दगड

सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीचा दिवस होता. तालुक्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे आजी-माजी सरपंच, मागे भिंतीला टेकून गावकरी, खिडकीत पोरं. टेबलावर एक पारदर्शक बरणी. चिठ्ठी काढायला जवळच्या शाळेतली तिसरीतली एक मुलगी आणली होती. कारकुनाने यादीच्या क्रमाने चिठ्ठ्या घडी घालून बरणीत टाकल्या, बरणी दोनदा हलवली आणि मुलीपुढे धरली. माझ्या शेजारच्या काकांनी हात जोडले. "आता देवाच्या हातात," ते म्हणाले.

मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे माझी नजर बरणीवर खिळलेली. शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या अजून वरच दिसत होत्या. मी उठून म्हणालो, "साहेब, अजून हलवा. उलटी करून हलवा." लोकांनी वळून पाहिलं. एवढ्याशा गोष्टीसाठी काय उठायचं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून हा लेख.

लोकशाही म्हणजे निवडणूक, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. सोडत आठवते ती दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की. पण जिथे 'डेमोक्रसी' हा शब्द जन्मला त्या अथेन्समध्ये गोष्ट उलटी होती. बहुतेक अधिकारी सोडतीने नेमायचे. निवडून द्यायचे ते सेनापतींसारखी थोडी पदं, जिथे कसब लागतं. ॲरिस्टॉटलने तर लिहूनच ठेवलंय की अधिकारी सोडतीने नेमणं ही लोकशाहीची रीत आणि मतांनी निवडणं ही मूठभरांच्या सत्तेची. निवडणुकीत नाव, पैसा आणि घराणं पुढे सरकतं, हे त्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी कळलं होतं.

सुरुवात झाली इ.स.पू. ५०८-५०७ च्या सुमाराला. क्लेइस्थेनीस नावाच्या पुढाऱ्याने अथेन्सच्या प्रदेशातल्या १३९ गावं-वस्त्यांचे दहा नवे गट केले. प्रत्येक गटात थोडी शहराची, थोडी किनाऱ्याची, थोडी आतल्या भागाची वस्ती. म्हणजे भावकीचे जुने गठ्ठे त्याने फोडले. आपल्याकडे 'गठ्ठा मतं' हा शब्द कसा वापरतात ते आठवा, म्हणजे यातली अक्कल लक्षात येईल. या दहा गटांतून प्रत्येकी ५० असे ५०० जण सभेवर जात. सोडतीने, एका वर्षासाठी, आणि जन्मात जास्तीत जास्त दोनदा.

आता माझ्या आवडीची वस्तू. तिचं नाव क्लेरोटेरिअन, म्हणजे सोडत काढायचं यंत्र. माणसाच्या उंचीची दगडी शिळा, तिच्यावर आडव्या-उभ्या रांगांत कोरलेल्या बारीक खाचा. तिचा एक तुकडा आजही अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. न्यायसभेवर बसू इच्छिणाऱ्याकडे स्वतःची एक पट्टी असे. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. लोक ही पट्टी इतकी जपत की काही पट्ट्या थडग्यांत सापडल्या आहेत. सकाळी पट्ट्या गोळा होत आणि खाचांत बसवल्या जात. बसवणारासुद्धा सोडतीनेच ठरे, म्हणजे तो आधीपासून फितवता येत नसे.

यंत्रात पाच उभे रकाने, म्हणून प्रत्येक आडव्या ओळीत पाच पट्ट्या. शिळेच्या कडेला नळी, तिच्या तोंडाशी नरसाळं. नरसाळ्यात काळे-पांढरे ठोकळे एकत्र ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा निघाला की पहिल्या ओळीचे पाचही जण आत. काळा निघाला की पाचही घरी. मग दुसरी ओळ. समजा ३०० जण आलेत आणि हवेत १००. ओळी ६०, तर पांढरे ठोकळे २० आणि काळे ४०. प्रत्येकाची शक्यता तीनात एक, आणि सगळं चारचौघांच्या डोळ्यांदेखत.

यात एक खोच आहे, थोडं गणित लागेल. पाच माणसं एकदम आत येतात, म्हणजे १०० जण स्वतंत्रपणे निवडलेले नाहीत, २० पंचकं निवडलेली आहेत. पाचही जण एकाच भावकीचे, एकाच मताचे असतील, तर त्या १०० जणांचं मोल २० जणांएवढंच. सांख्यिकीत याला समूह नमुना म्हणतात. गटातल्या माणसांच्या मतांतला सहसंबंध, म्हणजे ती मतं किती जुळतात ते, ρ (रो) आणि गटाचा आकार m धरला, तर नमुन्याची संख्या १ + (m − १)ρ ने भागायची. ρ शून्य असेल तर १०० चे १०० राहतात. ρ ०.१ असेल तर १०० भागिले १.४, म्हणजे सुमारे ७१. अथेन्सवाल्यांकडे हे सूत्र नव्हतं. पण प्रत्येक नागरिकाला एक अक्षर दिलेलं असे आणि त्याची पट्टी त्याच अक्षराच्या रकान्यात बसे. एका ओळीतले पाच जण पाच वेगळ्या अक्षरांचे. जोडीने आलेले दोन सोबती एकाच अक्षराचे असले, तर ते एका ओळीत येणारच नाहीत! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

मिसळण्यात हयगय झाली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी कुणाला आधी बोलवायचं याची सोडत झाली. ३६६ जन्मतारखांच्या ३६६ कुप्या. त्या महिन्यांच्या क्रमाने टाकल्या आणि नीट मिसळल्याच नाहीत. वर्षअखेरीला जन्मलेल्यांच्या तारखा ठळकपणे आधी निघाल्या. सांख्यिकीवाल्यांनी ते दाखवून दिलं आणि पुढच्या सोडतीला पद्धत बदलावी लागली.

म्हणून 'ईश्वरचिठ्ठी' हा शब्द मला पटत नाही. नवस बोलून शक्यता बदलत नाही, बरणी न हलवल्याने मात्र बदलते. देवाच्या हातात दिलं की तपासायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

आपल्या देशातही ही सावधगिरी होती. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचे, चोळ राजा परांतकाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१ चे, गावसभेच्या निवडीचे नियम सांगणारे शिलालेख प्रसिद्ध आहेत. तीस वॉर्ड, ताडपत्राच्या चिठ्ठ्या, मडकं. आत काय आहे हे माहीत नसलेलं लेकरू चिठ्ठी काढणार. ती घेणाऱ्याने पाची बोटं उघडी ठेवून तळहातावर घ्यायची, म्हणजे अदलाबदल करता येणार नाही. आधीच्या कामाचा हिशेब न दिलेला माणूस आणि त्याचे नातलग बाद. मोबाइलवर 'जगातली पहिली लोकशाही आमचीच' असे मेसेज फिरतात, त्यात हा शिलालेख अर्धाच असतो. उरलेल्या अर्ध्यात अटी आहेत: स्वतःची जमीन, स्वतःचं घर, वय ३५ ते ७०, वेदांचं ज्ञान. ही ब्राह्मणांच्या गावाची सभा होती. अथेन्सच्या शिळेतही बाई, गुलाम आणि परगावचा रहिवासी यांच्या नावाची पट्टी कधीच बसली नाही. बरणी कितीही हलवा, जी चिठ्ठी आत टाकलीच नाही ती निघणार कुठून?

मराठवाड्यात सगळ्यांना मत मिळणं ही फार जुनी गोष्ट नाही. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येक बाई-माणसाला मत मिळालं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या.

कोणती जागा राखीव हे कुणाच्या मर्जीने ठरत नाही, यामुळे संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. राखीव आणि बिनराखीव पंचायती एरवी सारख्याच, म्हणून फरक दिसला तर तो आरक्षणाचा. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. बाई प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त गुंतवणूक झाली होती. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे पाहिलेल्याला या निष्कर्षाचं वजन सांगायला नको. रिखिल भवनानी यांनी मुंबईचे वॉर्ड पाहिले. एकदा महिलेसाठी राखीव राहून नंतर खुल्या झालेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली.

त्या दिवशी साहेबांनी बरणी घेतली, झाकण लावलं आणि चांगली सात-आठ वेळा उलटीपालटी केली. मुलीने बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाची चिठ्ठी काढली. गावाचं नाव वाचलं गेलं, पुढे 'सर्वसाधारण महिला'. मागच्या भिंतीजवळून एका बाईचा आवाज आला, "अगं, आपलं गाव!"