अमोनियाने निळा होणारा हिरवा थर

इलेक्ट्रॉनिक नाकाची, म्हणजे हवेतली रसायने ओळखू पाहणाऱ्या यंत्राची, बातमी आली की मथळा ठरलेला: यंत्राला आता वास कळतो! प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्राला कळतो तो एका पातळ थराचा बदललेला विद्युतरोध. रोध वाढला, म्हणजे थराला काहीतरी झाले, एवढेच. नेमके काय झाले हे हवे असेल तर थरातून प्रकाश सोडून त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख, पाहावा लागतो.

माझे आवडते उदाहरण पॉलिअ‍ॅनिलिनचे. हे वीज वाहणारे प्लास्टिक. अशा पदार्थांच्या शोधासाठी २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काचेवर याचा शंभरेक नॅनोमीटरचा थर दिला की काच फिकट हिरवी दिसते. अमोनिया लागला की तीच काच निळी होऊ लागते.

हिरव्या अवस्थेत रेणूच्या लांब साखळीतल्या नायट्रोजनांवर आम्लाकडून आलेले प्रोटॉन बसलेले असतात. त्यांच्यामुळे साखळीवर धन प्रभार येतो आणि तो साखळीभर सरकू शकतो. हा प्रभार आणि त्याने साखळीला पाडलेली मुरड, दोन्ही मिळून पोलरॉन. पोलरॉन प्रकाश शोषतो तो ४३० आणि ८०० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे जांभळ्या टोकाचा प्रकाश जातो, लाल टोकाचाही जातो, आणि मधला हिरवा तेवढा सुटून बाहेर येतो. अमोनिया येऊन प्रोटॉन ओढून नेतो आणि स्वतः अमोनियम आयन होतो. पोलरॉन संपतात, ती दोन्ही शिखरे खचतात, वीज अडते. त्याच वेळी ६००च्या सुमारास नवे शिखर वर येते: साखळीतल्या बेंझिनॉइड कड्यातला इलेक्ट्रॉन शेजारच्या क्विनॉइड कड्याकडे ढकलला जातो (सहा कार्बनांच्या कड्याची ही दोन रूपे), त्याचे. तिथला नारिंगी प्रकाश गिळला गेला की उरतो निळा.

दर मिनिटाला वर्णपट घेत गेलो आणि सगळे वक्र एकाच बिंदूत एकमेकांना छेदताना दिसले, तर समजावे की हिरवे रूप थेट निळ्यात बदलते आहे, मध्ये तिसरे कोणी नाही. रोधाच्या एका आकड्यातून हे कधीच कळले नसते.

‘श्वास हुंगून रोग सांगणारे यंत्र’ अशा दाव्यांपुढे मात्र सावध राहावे. या थराला समोर आम्लारी आहे एवढेच उमगते; अमोनिया आणि मेथिलअमाइन दोघेही त्याचे प्रोटॉन नेतात. हवेतली आर्द्रताही रोध बदलते. वाफेची ओळख पटवायला अवरक्त वर्णपट हवा. थरात अमोनियम अडकला असेल तर १४०० प्रति सेंटिमीटरजवळ (एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात, ते हे माप) त्याची खूण दिसते. मेथिलअमाइन असेल तर त्याच्या मेथिल गटातल्या कार्बन-हायड्रोजन बंधांच्या खुणाही उमटतात.