टेस्ला कॉइलचा कपॅसिटर उन्हानं फुटत नाही

खान्देशात उन्हाळा आला की टेस्ला कॉइल (उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या पाडणारं यंत्र) बनवणाऱ्यांत कपॅसिटरबद्दल, म्हणजे त्यातल्या वीज साठवणाऱ्या भागाबद्दल, एक निरोप फिरतो : ‘१० हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला १० हजार व्होल्टचा कपॅसिटर पुरतो, फुटला तर उन्हामुळं.’

भुसावळ-जळगावकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण चांगला पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लॅस्टिक) कपॅसिटर ८५ अंशांपर्यंत वापरायलाच बनवलेला असतो. डिसेंबरच्या थंडीत तीच जोडणी चालवून बघा, तेव्हाही फुटेल.

खरी गोम व्होल्टेजच्या आकड्यात आहे. ट्रान्सफॉर्मरवरचे १० हजार म्हणजे आरएमएस, म्हणजे सतत खालीवर होणाऱ्या एसी व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी. शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १४,१००. कपॅसिटरवरचा आकडा मात्र बहुधा डीसीचा, म्हणजे दिशा न बदलणाऱ्या व्होल्टेजचा. त्यातच ठिणगी पडली की व्होल्टेज सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होतं. पॉलिएस्टरचा कपॅसिटर त्यात आतून तापतो, फुगतो आणि एक दिवस फट्‌ होतो.

१० हजार व्होल्ट, ३० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे १० पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सिरीजमध्ये लावा : २० हजार व्होल्ट, १५ नॅनोफॅरड. साडेनऊ नॅनोफॅरडच्या आसपास नको; तिथं ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरचा ५० हर्ट्‌झवर रेझोनन्स (ताल जुळणं) होऊन व्होल्टेज चढतच जातं. प्रत्येकाला १० मेगाओमचा रेझिस्टर समांतर हवाच, आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर सुरक्षा गॅप, म्हणजे व्होल्टेज फार चढलं तर ठिणगी पडून जाईल अशी फट.

पडताळणी सोपी : अर्धा मिनिट चालवा, प्लग काढा, मिनिटभर थांबा, लांब इन्सुलेटेड मुठीच्या धातूच्या दांड्यानं टोकं शॉर्ट करून तशीच ठेवा, मगच हात लावा. एखादाच गरम लागला तर तोच बदला. सगळेच गरम असतील तर कपॅसिटरचा प्रकारच चुकला आहे.