जनरेटरचा आवाज कोणी वाढवला?

आमचे मोठे बाबा 2009 च्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गावच्या नाटकात खलनायक होते. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातलं आमचं गाव पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत येतं. दिवाळी झाली की होळीपर्यंत इकडे कुठं ना कुठं रात्रभर नाटक सुरूच असतं. शूटिंगवाल्यानं बनवून दिलेली त्या नाटकाची डीव्हीडी घरात आहे आणि तिला एक जुनी खोड आहे. मोठे बाबा दबक्या आवाजात कट शिजवायला लागले, की मंडपामागचा जनरेटर हळूहळू अंगावर येतो. ते गरजले, की जनरेटर गपकन बसतो. पण ज्या गर्जनेला पुढच्या रांगेतली पोरं रडली म्हणतात, ती गर्जनासुद्धा डीव्हीडीत कुजबुजीहून फार मोठी वाटत नाही.

"जनरेटरवाला काय माझ्या तोंडाकडे पाहून रेस देत होता का बे?" असं मोठे बाबा दरवर्षी विचारतात.

जनरेटरवाला निर्दोष आहे. हे काम डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनचं. हळूत हळू आणि मोठ्यात मोठ्या आवाजातलं अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते अंतर कमी करायचं, म्हणजे हळू आवाज उचलायचा आणि मोठा दाबायचा, की झालं कॉम्प्रेशन. फाइल लहान करण्याशी याचा संबंध नाही. नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो. यंत्राला संवाद आणि जनरेटर यांतला फरक कळत नाही. त्या क्षणी एकूण आवाज किती आहे तेवढंच ते बघतं. खलनायक कुजबुजला, तर कुजबुज आणि जनरेटर दोन्ही वर.

आता खरी गंमत. या डिस्कवरचा आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-3 प्रकारचा आहे, आणि त्यात ध्वनी दाबून ठेवलेला नसतोच. हळू-मोठ्यातलं अंतर जसंच्या तसं असतं, सोबत फक्त चिठ्ठी असते: "इथं इतका वाढव, तिथं इतका कमी कर." 48 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ध्वनीची 48 हजार मोजमापं (नमुने) असलेल्या फाइलमध्ये 256 नमुन्यांचा एक तुकडा असतो, म्हणजे सेकंदाला साधारण 187 तुकडे. दर तुकड्यासोबत आठ बिटांची अशी सूचना देता येते, आणि ती आवाज सुमारे 24 डेसिबलपर्यंत वर किंवा खाली नेऊ शकते. चिठ्ठी लिहितं फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, पाळतो वाजवणारा प्लेअर. लिहिण्याचे ठरीव साचे असतात. सिनेमाचा सर्वसाधारण साचा हळू आवाज जास्तीत जास्त 6 डेसिबल उचलतो, तर भाषणाचा साचा 15 डेसिबलपर्यंत. 15 डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची साडेपाच पट. शूटिंगवाल्यानं कोणता साचा निवडला होता, की काही न बघता पुढं-पुढं दाबत गेला होता, हे त्यालाही आठवत नाही. माझा संशय भाषणाच्या साच्यावर आहे.

त्यात आणखी एक आकडा असतो: संवादाची सरासरी पातळी, 1 ते 31. कॉम्प्रेशनचा सगळा हिशेब या आकड्यापासून सुरू होतो. तो चुकीचा भरला तर साधं बोलणंही "फार हळू" किंवा "फार मोठं" ठरतं आणि चिठ्ठ्या भलत्याच निघतात. घरगुती डिस्कमध्ये हा आकडा सहसा कोणी मोजून भरत नाही. सॉफ्टवेअरनं आधीच भरलेला तसाच राहतो.

चिठ्ठी आहे म्हटल्यावर ती न वाचण्याचीही सोय आहे. बऱ्याच डीव्हीडी प्लेअरच्या मेन्यूत डायनॅमिक रेंज किंवा नाइट मोड नावाची सेटिंग असते, ती हीच. कॉम्प्युटरवर एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसी-3 उलगडताना डीआरसी स्केल नावाचा पर्याय मिळतो. तो मुळात 1 असतो, म्हणजे चिठ्ठी पूर्ण पाळायची. 0 केला की चिठ्ठी बाजूला. फक्त हा पर्याय आज्ञेत मूळ फाइलच्या नावाआधी लिहावा लागतो, कारण तो उलगडण्याच्या कामाचा आहे. मी आधी नंतर लिहिला होता आणि जनरेटर जागचा हलला नाही म्हणून संध्याकाळभर डोकं खाजवत बसलो.

दाबायचं, पण पुढे मोकळं करता येईल असंच दाबायचं, हा विचार डीव्हीडीपेक्षा जुना आहे. ज्यांच्यावरून डॉल्बी हे नाव आलं ते अमेरिकी अभियंते रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते आणि केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या उभारणीत मदत करत होते. इथून गेल्यावर 1965 मध्ये त्यांनी लंडनला कंपनी काढली. टेपची खरखर कमी करणं हे तिचं पहिलं काम. ध्वनिमुद्रण करताना हळू आवाज उचलायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे मधे टेपनं घातलेली खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. कॅसेट प्लेअरवरचं डॉल्बीचं बटण याच परतीच्या वाटेसाठी होतं. बटण न दाबता तशी कॅसेट लावली, की झांजा कानात टोचायच्या.

मात्र ही परतीची वाट एकदा बुजली की पंचाईत होते. आमच्याकडे ती तालुक्याच्या एका दुकानात बुजली. मेमरी कार्डात टाकायला म्हणून नाटकाची एमपी-3 करून घेतली होती. तिथल्या सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं चिठ्ठी पाळली, दाबलेला आवाज नव्यानं लिहिला आणि चिठ्ठी टाकून दिली. एमपी-3 मध्येही प्रत्येक तुकड्याला एक पातळीचा आकडा असतो आणि तो दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, ध्वनीला धक्का न लावता बदलता येतो. पण त्यानं अख्खं नाटक मोठं किंवा लहान होईल; कुजबुज आणि गर्जना यांच्यातलं अंतर परत येणार नाही. भरडून निघालेल्या तांदळावर कोंडा चढवण्यासारखं ते आहे.

अगदीच अशक्य असतं असंही नाही. कॉम्प्रेसर कोणत्या पातळीवर जागा झाला, किती दाबलं, किती वेळात पकडलं आणि किती वेळात सोडलं, हे सगळं ठाऊक असेल तर उलटं गणित मांडून मूळच्या बरंच जवळ जाता येतं. स्टॅनिस्लाव गोर्लो आणि जोशुआ राइस या संशोधकांनी 2013 मध्ये तशी पद्धत मांडली. आपल्या हातात मात्र हे आकडे क्वचितच असतात. मोबाइलवर केलेल्या भजनाचं बघा. खंजिरीवर थाप पडली की फोन घाबरून आवाज कमी करतो आणि बुवांचे पुढचे दोन शब्द बुडतात. हे फोननं आपल्या अकलेनं, रेकॉर्ड करतानाच केलेलं असतं आणि त्याची नोंद कुठंच नसते. थाप फारच जोरात पडली आणि लहरीचा माथा 16 बिटांत मावणाऱ्या कमाल आकड्याला, 32767 ला, टेकून सपाट झाला, तर त्यावर काय होतं हे कोणतंच गणित सांगू शकत नाही. सॉफ्टवेअर अंदाजानं माथा रेखाटून देतं, तो खंजिरीचा नसतो.

आमची डिस्क अजून वाचता येत होती, तिसरा अंक सोडून. तिथं ओरखडे आहेत. म्हणून पहिले दोन अंक मी चिठ्ठीशिवाय नव्यानं काढले आणि तिसरा दुकानातल्या एमपी-3 वर भागवला. मोठे बाबा मरतात त्या प्रवेशात जनरेटर अजूनही त्यांच्या उरावर बसतो.

पहिला अंक लावला. जनरेटर मागे, आपल्या जागी. कट शिजायला लागला आणि वरच्या पंख्याच्या घरघरीत मोठ्या बाबांचा एक शब्द कळेना. मी रिमोट उचलून आवाज वाढवायला लागलो.

"आवाज कायले वाढवतेस?" ते म्हणाले. "पंखा बंद कर."

मग गर्जना आली आणि स्वयंपाकघरातून मोठी आई धावत बाहेर आली.