पीसी तापून बंद पडला की एसएमपीएसने मान टाकली?

मेल, ब्राउझिंग, हिशेब, दिवसभर काही होत नाही. गेम लावला किंवा एडिट केलेला व्हिडिओ रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) टाकला की पीसी खटकन बंद. माझ्या मावसभावाकडे हेच चाललं होतं. दोनदा विंडोज टाकून झालं, "तापतोय" म्हणून प्रोसेसरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून झाली, आणि दोष निघाला एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात. तापणं आणि वीज कमी पडणं, दोन्हींचा शेवट एकच: काळा स्क्रीन. खूण सापडते ती त्याच्या आधीच्या मिनिटांत.

तापणारा प्रोसेसर आधी सांगतो. पंखे ओरडू लागतात, गेम अडखळतो, रेंडर रेंगाळतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःच वेग उतरवतात. त्यानंतरही पारा चढत राहिला तरच मशीन बंद करतात. त्यामुळे हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) सैल झालेला नसेल, पंखा किंवा वॉटर कूलरचा पंप बंद पडलेला नसेल, तर अडखळल्याशिवाय सरळ बंद पडणाऱ्या पीसीत मी पहिला संशय प्रोसेसरवर घेत नाही.

वीज कमी पडते तेव्हा अशी कुरकुर नसते. लोडिंग संपून गेमचं दृश्य उघडतं आणि त्याच क्षणी सगळं जातं, प्रोसेसर ६० अंशांवर असतानासुद्धा. मोठं ग्राफिक्स कार्ड सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. एसएमपीएसला ते झेपलं नाही की त्याचं संरक्षण पुरवठा तोडतं. कधी कधी मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय पीसी परत चालूच होत नाही. असं झालं तर बोट एसएमपीएसकडेच जातं.

"पण माझा साडेचारशे वॅटचा आहे," असं भाऊही म्हणाला होता. आम्ही कॅबिनेटची बाजू उघडून लेबल वाचलं. मोठा आकडा सगळ्या लाइनींची, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टच्या पुरवठ्यांची, बेरीज असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर. त्यासमोर १६ अँपिअर लिहिलं होतं. म्हणजे १२ गुणिले १६, फक्त १९२ वॅट. त्याच्या कार्डाला एक आठ पिनची केबल होती, आणि त्या एका केबलवरून १५० वॅटपर्यंत जाऊ शकतात. प्रोसेसरला उरलं काय?

खरी फसवणूक होते ती मधल्या प्रकारात. पीसी वीस मिनिटं नीट चालतो, मग जातो. वेळ लागला म्हणजे उष्णता, असं वाटतं, आणि ते अर्धं खरंही असतं: तापलेला असतो एसएमपीएस. जुने कपॅसिटर (वीज साठवणारे भाग), धुळीने भरलेला पंखा, मे महिन्यातली बंद खोली. प्रोसेसरचं तापमान मात्र ठणठणीत दिसतं, आणि बहुतेक एसएमपीएसच्या आतलं तापमान कुठलाच प्रोग्रॅम दाखवत नाही.

म्हणून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइलवर लॉगिंग (आकड्यांची सतत नोंद) चालू करा आणि बंद पडण्याआधीची शेवटची ओळ वाचा. मग प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्राइम९५ एकटा चालवा, त्यानंतर ग्राफिक्स कार्डावर ताण देणारा फरमार्क एकटा, शेवटी दोन्ही एकत्र. एकेकटे अर्धा-अर्धा तास टिकले, तापमानं आवाक्यात राहिली आणि एकत्र लावताच पीसी गेला, तर वीज अपुरी पडते आहे. तसं नसेल तर बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावा. टिकण्याचा वेळ वाढला तर प्रश्न उष्णतेचा. मग ती प्रोसेसरची, कार्डाची की एसएमपीएसची, हे लॉगमधल्या आकड्यांवरून ठरवायचं: प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आवाक्यात दिसले, तर संशय उरतो एसएमपीएसवर.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (घडामोडींच्या नोंदवहीतल्या) 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवर मात्र निकाल देऊ नका. नावात पॉवर आहे म्हणून लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद एवढंच सांगते की विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तापून गेला तरी तीच येते. निळा स्क्रीन येऊन पडत असेल तर आधी रॅम आणि ड्रायव्हर तपासा.

खात्रीसाठी मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा. त्यासोबत त्याच्याच केबल्स लावा. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल्स सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीची केबल हार्ड डिस्क जाळू शकते. आणि जुना एसएमपीएस खोलून बघू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.