शाईला पडलेल्या भेगा

कागद दीडशे वर्षांचा निघाला की त्यावरचा मजकूरही तितकाच जुना, असं आपण सहज धरून चालतो. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती परंपरेतल्या पंथाच्या इतिहासकारांना हे गृहीतक फार महागात पडलं.

जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापला. पुढे शतकभर त्याचा इतिहास लिहिणारे एक तर भक्त असत, नाही तर वैरी. १९७२ मध्ये लिओनार्ड अ‍ॅरिंग्टन हा व्यावसायिक इतिहासकार चर्चचा अधिकृत इतिहासकार झाला, दप्तरं खुली होऊ लागली आणि अस्सल कागदांची भूक वाढली. ती भूक मार्क हॉफमन या जुन्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याने ओळखली आणि तो बनावट कागद विकू लागला. पंथाच्या श्रद्धेनुसार एका देवदूताने स्मिथला धर्मग्रंथ कोरलेले सोन्याचे पत्रे दिले; हॉफमनने विकलेल्या एका ‘१८३०च्या’ पत्रात मात्र देवदूत नव्हता, तर पांढऱ्या सॅलमँडरचं (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचं) रूप घेणारा आत्मा होता!

कागद खरंच जुना होता. हॉफमन जुन्या पुस्तकांतली कोरी पानं कापून घेई. शाईही जुन्या कृतीची: मायफळातलं टॅनिन, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि डिंक. अशी शाई ताजी असताना फिकी असते. हवेतला ऑक्सिजन फेरस लोहाचं फेरिक करतो, फेरिक लोह टॅनिनशी जखडून काळं संयुग बनतं आणि कालांतराने ते तपकिरी पडतं. हे सगळं झटपट उरकायला हॉफमनने अल्कली वापरली, कारण अल्कधर्मी माध्यमात लोहाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं. डिंकाच्या पापुद्र्याला मात्र ते मानवलं नाही. जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन या कागदपत्र-तपासनिसांना सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अनेक कागदांवरची शाई मगरीच्या कातडीसारखी भेगाळलेली दिसली. त्या काळच्या अस्सल कागदांवर तसं नव्हतं. त्यांनी तशीच शाई बनवून, अल्कली लावून भेगा पाडूनही दाखवल्या.

तोवर ऑक्टोबर १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत, बिंग फुटू नये म्हणून हॉफमनने ठेवलेल्या बाँबांनी दोन जीव घेतले होते. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

गंमत म्हणजे सॅलमँडरच्या त्या पत्रावर जाहीर शंका घेणाऱ्या पहिल्या काही जणांत जेराल्ड टॅनर होता, चर्चचा कट्टर टीकाकार. पत्र त्याच्या सोयीचं होतं, तरी १८३४च्या एका पुस्तकाशी असलेलं साम्य त्याला खटकलं. अंधश्रद्धेला हसणाऱ्या किती जणांना हे जमतं?

आता इतिहासकार मजकुराआधी कागदाचा माग काढतात: कोणाकडून कोणाकडे, कधी गेला. २००८ ते २०२३ दरम्यान छापलेल्या ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ या स्मिथच्या कागदपत्रांच्या संग्रहाच्या खंडांत कागदपत्रांसोबत हा प्रवासही नोंदवलेला आहे.