खोटी नोट आणि चोरलेली नोट: मामांचे नेमके किती गेले?

नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या मामांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते चहा मागवतात आणि समोर बसलेल्याला कोडं घालतात. एक नाही, जोडीनं दोन. दोन्हींत पाचशेची नोट, दोन्हींत 320 रुपयांची पितळी पंचपात्री, आणि दोन्हींत फसलेले मामाच.

पहिलं असं. गिऱ्हाईक पाचशेची नोट देतं. गल्ल्यात सुट्टे नाहीत, म्हणून मामा शेजारच्या दुकानातून नोट मोडून आणतात. गिऱ्हाइकाला 180 परत देतात, 320 गल्ल्यात टाकतात. संध्याकाळी शेजारी येतो, "अहो, ही नोट खोटी आहे." मामा त्याला खरे पाचशे मोजून देतात.

दुसरं चोरीचं. मामांची पाठ फिरल्यावर एक जण गल्ल्यातली पाचशेची नोट उचलतो. घटकाभरानं तीच नोट घेऊन येतो, पंचपात्री घेतो आणि वर 180 सुट्टे घेऊन जातो.

मी बी.कॉम. झालेला. दोन्हींना ठणकावून "हजार" म्हणालो. मामांनी चहाचा घोट घेतला आणि बिलबुकाच्या पाठीमागे आकडे मांडले.

खोट्या नोटेच्या कोड्यात घोळ घालतो तो शेजारी. "शेजाऱ्याला पाचशे भरले, गिऱ्हाइकाला 180 दिले, पंचपात्री गेली" अशी बेरीज केली की हजार होतात. पण शेजाऱ्यानं आधी पाचशे दिले होते, ते आपण विसरतो. त्यातले 320 गल्ल्यातच होते. म्हणजे संध्याकाळी मामांच्या पदरचे गेले 180. शेजाऱ्याचं देणंघेणं शून्य. गिऱ्हाईक रंगीत कागद घेऊन आलं आणि 180 रुपये अधिक पंचपात्री घेऊन गेलं. तेवढंच मामांचं गेलं. विक्रीच्या भावानं पाचशे.

चोरीच्या कोड्यात शेजारी नाहीच. तिथं एकच नोट दोनदा मोजली जाते. चोरीला गेली म्हणून पाचशे धरायचे, मग पंचपात्री आणि सुट्टे पुन्हा वेगळे धरायचे. पण नोट तर गल्ल्यात परत आली! बाहेर राहिले ते 180 आणि पंचपात्री. पुन्हा पाचशेच.

उत्तर एक म्हणून कोडं एक, असं मात्र नाही. शेजाऱ्याला नोट ओळखूच आली नसती तर? मामांच्या गल्ल्यात 320 राहिले असते, तोटा शून्य, आणि फटका शेजाऱ्याला किंवा त्याच्याही पुढच्याला. खोट्या नोटेचा तोटा ती शेवटी ज्याच्याकडं अडकून राहते त्याच्या माथी बसतो. बँकेत पकडली गेली तर बँक ती जप्त करून पावती देते, पैसे देत नाही. खोटी आहे हे कळल्यावर ती पुढं खपवणं हा गुन्हाच. (1928 पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आमच्याच नाशिकरोडला. म्हणून आम्हाला खोटी नोट चटकन ओळखू येते असं मुळीच नाही.) चोरलेली नोट मात्र खरी. ती कुठंही चालते. चोरानं ती दुसऱ्या दुकानात मोडली असती, तर मामांचे रोख पाचशे गेले असते आणि त्यात वादाला जागाच नव्हती.

वाद आहे तो इथं, पंचपात्रीत. मामांची खरेदी 250 ची. म्हणजे खिशातून गेले 180 आणि 250, मिळून 430. उरलेले 70 हा नफा, तो हातात आलाच नव्हता. गंमत म्हणजे चोरानं मामांच्याच दुकानात खरेदी केली तर मामांना ते 70 रुपयांनी स्वस्त पडतं.

मामींना हे पटत नाही. "ती पंचपात्री आज ना उद्या 320 लाच विकली असती, मग 70 कुठं गेले?" त्यांचंही चूक नाही. तो शेवटचा नग असता आणि त्यापायी पुढचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं असतं, तर पाचशेच धरावे लागले असते. मामांनी मान वर करून फळीकडं पाहिलं. तशाच अकरा पंचपात्र्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"430," मामा म्हणाले आणि बिलबुक मिटलं.